विमानात पोलीस पार्टी भेटली तर

पोरी, परवा रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा काळजात धस्स झालं. "आत्या, माझ्या मागच्याच रांगेत बेडी घातलेला माणूस होता गं. दिल्लीपासून मुंबईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही." टॅक्सीत बसली होतीस, तरी कुजबुजत बोलत होतीस. मी झोपेत "काही होत नसतं" एवढंच बोलले आणि फोन ठेवला. सकाळी उठल्यावर ते मनाला लागलं. तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं कैदी पार्टीत गेली, म्हणजे आरोपींना एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणाऱ्या पथकात. तू ज्या रांगेला घाबरलीस त्या रांगेत मी कितीतरी वेळा बसले आहे. म्हणून आता सविस्तर लिहिते. तुला कामासाठी महिन्यातून दोनदा विमानानं जावं लागतं, म्हणजे असा प्रसंग पुन्हा येणार.

आधी हे समजून घे की तो माणूस तुझ्या विमानात येतोच का. मोठ्या नावांची गोष्ट निराळी. छोटा राजनला नोव्हेंबर 2015 मध्ये बालीहून आणलं, तहव्वूर राणाला एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेतून आणलं, ते खास विमानानं. पण सोनं घेऊन परराज्यात पळालेला कारागीर, लोकांच्या ठेवी बुडवून गेलेला एजंट, खून करून चार वर्षं नाव बदलून राहिलेला माणूस, यांच्यासाठी खास विमान कोण पाठवणार? ते रेल्वेनं येतात, नाहीतर तुझ्यामाझ्यासारख्यांच्या विमानानं.

माझ्या सुरुवातीच्या काळात सगळं रेल्वेनंच. हावड्याहून मुंबईला यायला तीस तासांच्या वर लागायचे. चार माणसांची पार्टी, दोघांनी जागायचं, दोघांनी पाठ टेकायची. प्रत्येक स्टेशनवर दोन्ही बाजूंची दारं उघडी, चहावाला चढतो, भिकारी चढतो, गर्दीत आरोपीचा भाऊ चढला तरी कळणार नाही. रात्री गाडी सिग्नलला थांबली की छातीत धडधड सुरू. विमानात तेच अंतर अडीच-तीन तासांत संपतं. दार एकदा लागलं की मध्ये स्टेशन नाही. शिवाय परराज्यात अटक केली की तिथल्या कोर्टापुढे उभं करून ट्रान्झिट रिमांड घ्यावा लागतो. त्यात दिवस मोजून दिलेले असतात, तेवढ्यात आपल्या कोर्टात हजर करायचं. म्हणून वरिष्ठ विमानाची परवानगी देतात. तुला जे धोक्याचं वाटलं, ते आमच्या हिशेबात सगळ्यात कमी धोक्याचं असतं.

आणि हे गुपचूप होत नाही. विमान कंपनीला आधी पत्र जातं. पार्टीत किती माणसं, आरोपी किती, कोणत्या गुन्ह्यातला, हे कळवलेलं असतं. कोण कुठल्या सीटवर बसणार ते कॅप्टनला सांगतात. कॅप्टनला पटलं नाही तर तो नेणार नाही म्हणू शकतो, आणि तिथे आमच्या साहेबांचंही काही चालत नाही. तपासणीच्या रांगेत सीआयएसएफचे जवान आरोपीला तपासतात आणि आम्हालाही तपासतात. आमच्याकडे शस्त्र असलंच तर ते रिकामं करून, गोळ्या वेगळ्या काढून, खालच्या सामानात जातं. तेव्हा "मागे बसलेल्या पोलिसाचं पिस्तूल त्यानं हिसकावलं तर?" ही तुझी शंका मनातून काढून टाक. हिसकावायला वर काही नसतंच.

मोठ्या विमानात आम्ही सगळ्यांच्या आधी चढतो आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतो. जागा मागच्या रांगांत, संकटकाळी उघडायच्या दारांपासून लांब. आरोपी आत, पार्टीचा माणूस त्याच्या आणि पॅसेजच्या मध्ये. पंख्याच्या छोट्या विमानात मात्र प्रवाशांचं दार बहुधा मागे असतं, तिथे सगळं गणित बदलतं आणि हवाईसुंदरी सांगेल तसं बसावं लागतं. त्यामुळे छोट्या विमानात पार्टी वेगळ्या जागी दिसली तर काही बिघडलं असं समजू नकोस.

आता बेडीचं. तू म्हणालीस, "आत्या, गेटपाशी एका हातात बेडी होती, विमानात बसल्यावर काढलेली दिसली. असं कसं?" बरोबर विचारलंस. बेडी ही शोभेची वस्तू नाही आणि शिक्षाही नाही. 1980 साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की सरसकट बेड्या घालणं अमानुष आहे, घालायचीच असेल तर सबळ कारण हवं. 1995 मध्ये आणखी कडक केलं, कोर्टाची परवानगी घ्या म्हणाले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात खून, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थ, पूर्वी ताब्यातून पळालेला असणं, अशा ठरावीक बाबतीत बेडीची मुभा दिली आहे. तेव्हा बेडी नसलेला आरोपी दिसला तर पोलीस ढिले आहेत असं नाही, आणि बेडी असलेला दिसला तर तो राक्षस आहे असंही नाही. एक गोष्ट मात्र पक्की: विमानाच्या कुठल्याही भागाला माणूस बांधायचा नसतो. सीटच्या दांड्याला नाही, कशालाच नाही. विमानावर प्रसंग आला तर त्यालाही प्राणवायूचा मुखवटा ओढायचा आहे, त्यालाही दारातून बाहेर पडायचं आहे. त्याचा जीव आमच्या सहीवर असतो.

बेडीवर टॉवेल किंवा रुमाल टाकलेला दिसेल. तो त्याची लाज राखायला असतो. तो ओढून बघायचा नसतो, हे सांगावं लागू नये, पण मला एका चांगल्या घरातल्या दिसणाऱ्या गृहस्थाचा हात धरून बाजूला करावा लागला होता.

तुझ्या बोलण्यात तीनदा "गुन्हेगार" शब्द आला. आमच्या खात्यात हा शब्द नवखा शिपाई वापरतो. जाणता माणूस आरोपी म्हणतो. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे. मी आणलेल्यांपैकी काहींना जन्मठेप झाली, काही निर्दोष सुटले. विमानात शेजारी बसताना यातला कोण तो, हे मलाही माहीत नसायचं. आणि काही वेळा तर पोलिसांसोबत बसलेलं माणूस आरोपी नसतंच. एकदा मी एका सोळा वर्षांच्या मुलीला परत आणत होते. तिला फसवून नेलं होतं, महिनाभर शोधून सापडली होती. मी साध्या साडीत होते, पण बरोबरचा हवालदार त्याच्या केसांच्या कटिंगवरूनच ओळखू येत होता. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून मुलीकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, एवढ्याशा वयात काय काय करतात." मुलीनं ते ऐकलं. उतरेपर्यंत तिनं मान वर केली नाही. त्या बाईंना मी काही सांगूही शकत नव्हते, कारण अशा मुलीची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. म्हणून पोलिसांसोबत कोणीही दिसलं तरी तोंडातून अवाक्षर काढू नकोस. हळू आवाजातलंही नाही. विमानात सीटच्या फटीतून सगळं ऐकू जातं.

आता फोटोचं सांगते, आणि हे मी तुला हात जोडून सांगते. तू फोटो काढला नाहीस, बरं झालं. तुझ्या पलीकडच्या मुलानं काढला म्हणालीस.

लोकांना वाटतं आरोपीचा चेहरा काळ्या कापडानं झाकतात तो त्याला वाचवायला. तसं नाही. पुढे ओळख परेड व्हायची असते. कारागृहात, नायब तहसीलदारांसमोर, पंच बसवून, आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या निदान सहा माणसांच्या रांगेत उभं करतात. फिर्यादीनं येऊन त्यातून ओळखायचं. त्या ओळखण्याला किंमत कधी? फिर्यादीनं घटनेनंतर त्याचा चेहरा कुठेही पाहिलेला नसेल तर. आमच्याकडे एक जबरी चोरीचा गुन्हा होता. म्हाताऱ्या बाईंचं मंगळसूत्र आणि पाटल्या नेल्या होत्या, बाईंना ढकलल्यानं खुब्याचं हाड मोडलं होतं. आरोपी परराज्यात सापडला, आम्ही विमानानं आणला. चढताना त्याचा बुरखा क्षणभर सरकला आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. आम्ही कोर्टात पोहोचायच्या आत तो फोटो गावच्या ग्रुपवर आला होता. बाईंच्या नातवानं तो आजीला दाखवला. "हाच का गं आजी?" आजी म्हणाली, "हाच." झालं. परेडमध्येही तिनं त्यालाच ओळखलं, पण कोर्टात बचावाच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला: "आजी, परेडच्या आधी याचा फोटो पाहिला होता का?" आजी खरं बोलणारी बाई. "हो" म्हणाली. त्या परेडला काही अर्थ उरला नाही. आमची दोन महिन्यांची धावपळ आणि त्या बाईंचा मोडलेला खुबा एका फोटोपायी वाया गेला. फोटो काढणाऱ्याला हे आजही माहीत नसेल.

आणि ताब्यातला मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याचा फोटो फिरवणं 2015 च्या बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंधरा आणि एकोणीस यांतला फरक तुला पॅसेजमधून कळणार आहे का? तेव्हा फोन खिशात. शेजारचा काढत असेल तर सरळ सांग, "दादा, नका काढू, त्याची ओळख परेड असेल." लोक ऐकतात. कारण समजलं की बहुतेक लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

संडासाबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. तू शाळेत मार्सेलिसची उडी शिकली आहेस. 1910 च्या जुलैमध्ये सावरकरांना लंडनहून हिंदुस्थानात आणत होते, ते 'मोरिया' नावाच्या बोटीनं. ती प्रवाशांचीच बोट होती, तुझ्या विमानासारखी. पहारा कडक होता. तरी 8 जुलैला सकाळी ते शौचकूपात गेले आणि तिथल्या गोल खिडकीतून समुद्रात उडी टाकून धक्क्यापर्यंत पोहत गेले. पहारेकरी होते, पण दाराबाहेर होते. पुढे ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. विमानाच्या संडासाला उघडणारी खिडकी नाही, पण पहाऱ्यातला माणूस नजरेआड होण्याची ती एकच जागा आजही आहे. म्हणून आम्ही दार पूर्ण लावू देत नाही. फटीत बूट ठेवतो आणि तोंड दुसरीकडे करून उभे राहतो. बाई असेल तर महिला पोलीसच जाते, मी ओढणी आडवी धरून उभी राहायचे. हे त्या माणसालाही लाजिरवाणं असतं आणि आम्हालाही. म्हणून पार्टी उठून मागे गेली की तू आपल्या जागी बसून राहा. त्यांच्या मागे रांग लावू नकोस, "किती वेळ?" म्हणू नकोस. पुढच्या संडासात जाता येत असेल तर तिथे जा. पाच मिनिटांचा प्रश्न असतो.

काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. बिस्कीट नाही, पाणी नाही, पेन नाही, वर्तमानपत्रही नाही. तुझा हेतू चांगला असतो, पण मला तो कळायचा कसा? त्याला खायला आम्ही देतो. चहा कोमट करून देतो किंवा देत नाही, कारण उकळता चहा कुणाच्याही तोंडावर फेकता येतो. पण माणुसकी दाखवायची वाट बंद नाही, फक्त ती आमच्यावरून जाते. एकदा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा आणत होतो, जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेला. विमान उतरायला लागलं तसा तो डोकं गुडघ्यात घालून कण्हायला लागला. हवालदाराला वाटलं नाटक करतोय, त्यानं दंड घट्ट धरला. पलीकडच्या रांगेत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ताई, त्यांच्या कानाला दडे बसलेत वाटतं. माझ्याकडे गोळी आहे, पण तुम्हाला चालत नसेल." मी त्यांची गोळी घेतली नाही, नियमच तसा आहे. पण त्याला आवंढा गिळायला सांगितलं, जांभई द्यायला लावली, हवाईसुंदरीकडून पाणी मागवून घोट घोट पाजलं. दोन मिनिटांत तो सावरला. त्यानंतर प्रत्येक पार्टीला जाताना माझ्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या. त्या बाईंनी जे केलं तेच तू कर. दिसलं तर पार्टीला सांग, आणि मग पार्टीवर सोड.

तो तुझ्याशी बोलला तर? बहुतेक बोलत नाहीत. बोलला तर एकच गोष्ट मागतो, "माझ्या घरी एक फोन लावा." ऐकून पोटात तुटतं. तरी नंबर घ्यायचा नाही, चिठ्ठी घ्यायची नाही. अटक झाल्याचं घरच्यांना कळवणं हे आमच्यावर बंधन आहे, 1996 च्या डी. के. बसू निकालानं ते घालून दिलंय. कळवलं नसेल तर कोर्टात हजर करताना न्यायाधीश त्याला विचारतात, तिथे तो सांगू शकतो. तू मात्र तो फोन नेमका कुणाला लावते आहेस हे तुला माहीत नसतं. घरचा म्हणून दिलेला नंबर साथीदाराचा निघाला तर मुद्देमाल रातोरात हलतो आणि साक्षीदारांत तुझं नाव येतं. त्याला म्हण, "तुमच्यासोबतच्या साहेबांना सांगा," आणि पार्टीलाही ऐकू जाईल असं म्हण.

एक प्रसंग मात्र असा आहे की तेव्हा गप्प बसायचं नाही. तो चेहरा तुझ्या ओळखीचा असेल, त्याच्या गुन्ह्यात तुझ्या घरच्या, ओळखीच्या कुणाचं नुकसान झालेलं असेल, तर दार लागायच्या आत हवाईसुंदरीला बाजूला घेऊन सांग. जागा बदलतात, वेळ पडली तर पुढच्या विमानात बसवतात. फिर्यादीचा माणूस आणि आरोपी दोन तास एका छताखाली, हे आम्हालाही नको असतं. तसंच नुसतं घाबरायला होत असेल तरी जागा बदलून मागायला लाजू नकोस. आधी माग, विमान धावायला लागल्यावर नको. उठून आरडाओरडा करणाऱ्या प्रवाशावर 2017 च्या नियमांनुसार नुसत्या शिवीगाळीसाठीही तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी येऊ शकते. आरोपीला शिव्या दिल्या म्हणून त्यात सूट नाही.

आणि पार्टीचंच वागणं चुकलं तर? मी खात्यातली आहे म्हणून झाकणार नाही. थापड मारताना, पाणी मागूनही न देताना, विव्हळणाऱ्याकडे दुर्लक्ष करताना कुणी दिसलं, तर तिथे भांडू नकोस. त्यानं आरोपीलाच जास्त त्रास होतो. हवाईसुंदरीला सांग, तारीख, विमानाचा नंबर, रांग आणि वेळ लिहून ठेव, आणि पार्टी ज्या जिल्ह्याची असेल तिथल्या पोलीस अधीक्षकांना किंवा मानवी हक्क आयोगाला पाठव. पार्टीत कोण होतं ते विमान कंपनीला दिलेल्या पत्रावर लिहिलेलं असतं, सापडायला वेळ लागत नाही. असं एक तक्रारीचं पत्र आमच्या एका शिपायाविरुद्ध आलं होतं. चौकशी झाली. पत्र खरं होतं.

लहान मूल बरोबर असेल आणि "आई, त्या काकांचा हात का बांधलाय?" असं मोठ्यानं विचारलं तर गप्प कर म्हणून चिमटा काढू नये. "ते पोलीसकाकांबरोबर कोर्टात चाललेत" एवढं पुरतं. ते खरंही आहे.

उतरताना पॅसेजमध्ये मागे वळून उभी राहू नकोस. तुम्ही सगळे गेल्याशिवाय आम्ही उठतच नाही. तू जितक्या लवकर पुढे जाशील तितकी आमची सुटका लवकर. खाली गाडी उभी असते, त्यानंतर मेडिकल, मग कोर्ट, मग स्टेशन डायरीला नोंद. पार्टीतल्या माणसाला घरी जाऊन भाकरी खायला बहुतेक रात्र होते.

पुढच्या वेळी दिसलं तर आपली जागा शोध, पट्टा बांध आणि डोळे मिट. तो अडीच तासांचा प्रवास मागच्या रांगेतली आमची पोरं डोळ्यांत तेल घालून करत असतात. तू खुशाल झोप.